जुने मराठी काव्य आणि वाङ्मयीन मासिके : संग्रहाची सुरुवात करणाऱ्यांसाठी

केशवसुत १९०५ साली निवर्तले आणि त्यांच्या कवितांचे पुस्तक हरि नारायण आपटे यांनी १९१७ साली प्रसिद्ध केले. मधली बारा वर्षे, आणि त्याआधीची कवीच्या हयातीतली सगळी वर्षे, ज्याला केशवसुत वाचायचे होते त्याला ते मासिकांच्या आणि साप्ताहिकांच्या अंकांतूनच वाचावे लागत होते. गोविंदाग्रजांचे तसेच झाले. ते जानेवारी १९१९ मध्ये गेले आणि ‘वाग्वैजयंती’ १९२१ साली आली. ‘बी’ कवींचा ‘फुलांची ओंजळ’ हा पहिला संग्रह १९३४ साली निघाला, तेव्हा कवीने साठी ओलांडली होती. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन-चार दशकांतील मराठी कविता आधी अंकात जन्मली आणि पुस्तकात पुष्कळ उशिरा गेली, कधी कधी गेलीच नाही. म्हणून या काळाचा संग्रह करू इच्छिणाऱ्याने केवळ कवितासंग्रहांच्या पहिल्या आवृत्त्यांमागे न लागता मासिकाचा अंक हाच आपल्या संग्रहाचा मुख्य घटक मानावा, असे माझे ठाम मत आहे. पुढील सर्व सूचना त्याच भूमिकेतून दिल्या आहेत.

क्षेत्र आखून घ्यावे

नवा संग्राहक जे जे जुने दिसेल ते ते घेत सुटतो आणि वर्षभरात त्याच्याकडे कशाशीही कशाचा संबंध नसलेल्या सुट्या अंकांचा ढीग तयार होतो. त्यामुळे पहिला अंक विकत घेण्यापूर्वी आपले क्षेत्र कागदावर दोन ओळींत लिहून काढावे. हे क्षेत्र अनेक प्रकारे आखता येते. एकच नियतकालिक घेऊन त्याची ठरावीक वर्षे पूर्ण करणे हा सर्वांत सरळ मार्ग आहे. या दृष्टीने पाहण्यासारखी नियतकालिके अशी : १८६७ साली सुरू होऊन सुमारे सत्तर वर्षे चाललेले ‘विविधज्ञानविस्तार’, जळगावहून नारायण नरसिंह फडणीस यांनी १८८७ पासून चालवलेले, केवळ कवितेला वाहिलेले ‘काव्यरत्नावली’, हरिभाऊ आपटे यांचे १८९० ते १९१७ या काळातील ‘करमणूक’ साप्ताहिक, काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १८९५ साली मुंबईत सुरू केलेले ‘मासिक मनोरंजन’, १९१० पासूनचे पुण्याच्या चित्रशाळा छापखान्याचे ‘चित्रमयजगत’, आणि १९२६ साली पुण्यात निघालेले ‘रत्नाकर’. प्रत्येकाचा स्वभाव वेगळा आहे. ‘विस्तार’ चर्चेचा आणि परीक्षणांचा, ‘मनोरंजन’ कथा, कविता आणि चित्रांचा, तर ‘काव्यरत्नावली’ निव्वळ कवितेचे.

दुसरा मार्ग एका कवीच्या किंवा कविमंडळाच्या मागावर जाण्याचा. १९२३ साली पुण्यात स्थापन झालेल्या रविकिरण मंडळातील माधव जूलियन, यशवंत, गिरीश यांच्या कविता अंकाअंकातून शोधत गेल्यास पुस्तके आणि मासिके या दोहोंचा संग्रह आपोआप एकमेकांत गुंफला जातो. तिसरा मार्ग गावाचा. १९०७ साली जळगावात पहिले महाराष्ट्र कविसंमेलन भरले आणि तिथेच त्र्यंबक बापूजी ठोमरे या तरुणाला ‘बालकवी’ ही पदवी मिळाली. ‘काव्यरत्नावली’ त्याच गावचे. अशा एखाद्या गावाभोवती बांधलेल्या लहान संग्रहाला जी एकात्मता येते ती शेकडो विस्कळीत अंकांना येत नाही.

केवळ दिवाळी अंकांचे क्षेत्रही घेता येईल. ‘मनोरंजन’चा १९०९ चा दिवाळी अंक हा मराठीतला पहिला दिवाळी अंक मानला जातो. परंतु नेमक्या याच कारणाने त्यामागे बरेच जण असतात, हे ध्यानात ठेवावे. ज्याला खर्च आवरता ठेवून हात बसवून घ्यायचा आहे त्याने १९३० च्या दशकातील ‘किर्लोस्कर’, ‘स्त्री’ किंवा ‘मनोहर’ यांच्या अंकांपासून आरंभ करावा. ते तुलनेने अधिक आढळतात आणि त्यांच्यावर शिकलेले सगळे पुढे जुन्या अंकांना लागू पडते.

विकत घेण्याआधी ग्रंथालयात बसावे

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि नेमकी तीच गाळू नये. शंकर गणेश दाते यांच्या मराठी ग्रंथसूचीचा पहिला भाग १८०० ते १९३७ या काळातील पुस्तकांची नोंद देतो. मराठी नियतकालिकांची स्वतंत्र सूचीही त्यांनी सहकाऱ्यांसह तयार केली. या दोन्ही सूची मोठ्या ग्रंथालयांच्या संदर्भ विभागात पाहायला मिळतात. आपल्या नियतकालिकाचा आरंभ केव्हा झाला, संपादक कोण होते, छपाई कुठे होत असे, ते साप्ताहिक होते की मासिक, मध्ये बंद पडले होते काय, हे आधी उतरवून घ्यावे.

त्यानंतर त्या नियतकालिकाची एक तरी पूर्ण फाइल, म्हणजे अंकांचा क्रमवार संच, डोळ्यांखालून घालावी. १८९८ साली स्थापन झालेले मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, १८९३ चे ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय, १९११ चे पुणे मराठी ग्रंथालय, तसेच पुण्यातील महाराष्ट्र साहित्य परिषद आणि भारत इतिहास संशोधक मंडळ अशा संस्थांत जुन्या नियतकालिकांचे साठे आहेत. तिथे बसून अंकाचा आकार, पृष्ठसंख्या, मुखपृष्ठाची मांडणी, अनुक्रमणिका कुठे येते, चित्रे कोणत्या पानांसमोर येतात, जाहिराती पुढे असतात की मागे, हे टिपून घ्यावे. पूर्ण अंक कसा असतो हे ज्याने पाहिलेलेच नाही, त्याला अपुरा अंक ओळखता येणे अवघड आहे.

शोध घेताना शुद्धलेखनाचे भान ठेवावे. त्या काळी ‘केलें’, ‘नाहीं’, ‘कविताकुसुमें’ असे अनुस्वारयुक्त लेखन प्रचलित होते. १९६२ च्या नियमांनंतर हे अनुस्वार गेले. सूचीत एकच शीर्षक दोन तऱ्हेने आढळू शकते, शब्द तोडून किंवा जोडूनही लिहिलेला असतो. संगणकीय शोधात तर एका अनुस्वाराने नोंद हुकते. म्हणून प्रत्येक शीर्षक किमान दोन-तीन प्रकारे लिहून शोधावे.

काळ वाचायला शिकावे

जुन्या अंकावर इसवी सन असेलच असे नाही. शके आणि मराठी महिना एवढेच दिलेले असते. चैत्रापासून मार्गशीर्षापर्यंत शकात ७८ मिळवले की इसवी सन येते. माघ आणि फाल्गुनासाठी ७९ मिळवावे लागतात, आणि पौष साधारणतः डिसेंबर-जानेवारीच्या उंबरठ्यावर असल्याने पंचांग पाहूनच ठरवावा. शके १८३१ चा आश्विन म्हणजे १९०९, परंतु शके १८३३ चा माघ म्हणजे १९१२. हा एका वर्षाचा फरक विक्रेत्यांच्या याद्यांत नेहमी चुकलेला आढळतो आणि त्यामुळे एकच अंक दोनदा घेतला जातो किंवा हवा तो अंक समोर असून सोडला जातो.

कित्येक मासिके वर्षभराच्या अंकांना ‘पुस्तक’ म्हणत. ‘पुस्तक २३ वें, अंक ४ था’ याचा अर्थ तेविसाव्या वर्षाचा चौथा अंक. मासिकाचे वर्ष जानेवारीत सुरू होईल असेही धरून चालू नये. ते ज्या महिन्यात मासिक जन्मले त्या महिन्यात सुरू होऊ शकते. उशिरा निघालेले अंक आणि दोन-तीन महिन्यांचे जोडअंक यांमुळेही क्रम चुकल्यासारखा वाटतो. म्हणून एखादा अंक ‘गहाळ’ म्हणून नोंदवण्यापूर्वी तो मुळात स्वतंत्र निघाला होता की नाही याची खात्री करावी.

काळ ठरवण्याची आणखी एक खूण किमतीत असते. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ पासून आली. किंमत आण्यांत छापलेली असेल तर प्रत त्याआधीची, आणि ‘नये पैसे’ असतील तर त्यानंतरच्या थोड्या वर्षांतली. मुखपृष्ठ फाटलेल्या काव्यसंग्रहाचा काळ अंदाजे ठरवताना ही खूण आणि शुद्धलेखन या दोहोंचा एकत्र विचार केला की बहुधा उत्तर मिळते.

प्रत हातात घेतल्यावर

या कामातला सर्वांत मोठा आनंद आणि सर्वांत मोठी जोखीम इथेच आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

जुनी मासिके बाजारात दोन रूपांत येतात : सुटे अंक आणि वर्षभराचे बांधीव खंड. बांधीव खंड भारदस्त दिसतो, कपाटात शोभतो आणि नवख्याला तोच अधिक मोलाचा वाटतो. परंतु त्या काळी वर्गणीदार किंवा वाचनालय वर्षअखेरीस अंक बांधायला देत तेव्हा बांधणारा बहुतेक वेळा मुखपृष्ठे, मलपृष्ठे आणि जाहिरातींची पाने काढून टाकत असे. सलग पृष्ठांक असलेला मजकूर तेवढा ठेवायचा, ही त्यामागची साधी समज होती. त्यामुळे मजकुराच्या दृष्टीने तो खंड पूर्ण असतो, पण अंकाच्या दृष्टीने उघडा पडलेला असतो. अंकाची तारीख, वर्गणीचे दर, टपाल खात्याकडील नोंदणी क्रमांक, संपादकाची वाचकांना दिलेली सूचना, नव्या काव्यसंग्रहाची जाहिरात, हे सगळे बाहेरच्या रंगीत, हलक्या कागदावर छापलेले असे आणि तेच गेले. मुखपृष्ठासह टिकलेला सुटा अंक दिसायला कितीही मळका असला तरी तो बांधीव खंडातल्या त्याच अंकापेक्षा अधिक दुर्मिळ असतो. दोन्ही समोर असतील तर सुटा अंक घ्यावा, असे मी प्रत्येक नवख्या संग्राहकाला आग्रहाने सांगतो.

खंड तपासण्याची रीत अशी. तो टेबलावर सपाट ठेवावा, एका हाताने पुठ्ठा तोलून धरावा आणि शिवणीत बारकाईने पाहावे. प्रत्येक अंकाच्या सुरुवातीला रंगीत कागदाचा एखादा अरुंद खुंट शिवणीत राहिलेला दिसला तर तिथे मुखपृष्ठ होते आणि ते कापले गेले हे कळते. नंतर पृष्ठांक सलग मोजत जावे. छपाई फर्म्यांनी होत असे, आठ किंवा सोळा पृष्ठांचा एक फर्मा. फर्म्याच्या पहिल्या पृष्ठाच्या तळाशी बारीक अक्षरात त्याचा क्रमांक दिलेला आढळतो. एखादा फर्मा गळाला असेल, उलटा बांधला गेला असेल किंवा दोनदा आला असेल, तर ते या क्रमांकांवरून मिनिटभरात उघड होते. शेवटी वार्षिक अनुक्रमणिका आहे का पाहावे, कारण ती बहुधा वर्ष संपल्यावर वेगळी छापून दिली जाई आणि खंडाच्या आरंभी बांधली जाई. ती नसेल तर खंडाचे मोल कमी होते आणि पुढचे काम वाढते.

चित्रांकडे स्वतंत्रपणे लक्ष द्यावे. ‘मनोरंजन’ किंवा ‘चित्रमयजगत’सारख्या नियतकालिकांतील तिरंगी चित्रे गुळगुळीत कागदावर वेगळी छापून आत चिकटवलेली किंवा शिवलेली असत. पृष्ठांकांत ती धरलेली नसल्यामुळे चित्र काढून घेतले तरी पृष्ठे सलगच राहतात. कित्येक घरांत ही चित्रे कापून तसबिरीत लावली गेली. अनुक्रमणिकेत चित्रांची यादी असेल तर एकेक चित्र ताडून पाहावे. नसेल तर समोरच्या पानावर चित्राची फिकट छाया किंवा डिंकाची पट्टी उमटलेली आहे का ते पाहावे.

कागदाची अवस्था तपासताना पानाचा कोपरा दुमडून पाहू नये. ठिसूळ कागदाचा कोपरा हातात येतो. पान हलकेच उचलून सोडावे. ते लवचिकपणे खाली आले तर ठीक, ताठ राहिले आणि कडा भुकटी होत असतील तर तो कागद फार काळ हाताळण्यासारखा नाही. लाकडाच्या लगद्यापासून केलेल्या स्वस्त कागदात लिग्निन आणि आम्ल दोन्ही असतात आणि त्यांमुळे तो आतूनच पिवळा व ठिसूळ होत जातो. चिंध्यांच्या लगद्याचा जुना कागद याहून पुष्कळ टिकाऊ. त्यामुळे १८८० चा अंक १९२० च्या अंकापेक्षा ताजा दिसला तर आश्चर्य वाटू नये आणि त्यावरून तो बनावट आहे असाही तर्क करू नये.

नावे, शिक्के आणि समासातल्या टिपा यांना डाग समजू नये. एखाद्या खेड्यातल्या वाचनालयाचा शिक्का, वर्गणीदाराची सही, कवितेच्या कडेला पेन्सिलीने लिहिलेला वृत्ताचा गण, यांतून ती कविता कुठवर पोहोचली आणि कशी वाचली गेली हे कळते. मात्र शिक्का एखाद्या चालू ग्रंथालयाचा असेल तर ती प्रत रीतसर निर्लेखित झाली आहे काय, म्हणजे ग्रंथालयाच्या नोंदीतून काढली गेली आहे काय, हे विचारावे. निर्लेखनाचा शिक्का किंवा कागद नसेल आणि विक्रेता उत्तर टाळत असेल, तर प्रत कितीही हवीशी असली तरी घेऊ नये आणि शक्य असल्यास त्या ग्रंथालयाला कळवावे. सार्वजनिक साठ्यातून गळालेला अंक पुन्हा तिथे परतणे हे कोणत्याही खासगी संग्रहापेक्षा महत्त्वाचे आहे.

कवितासंग्रहांच्या पहिल्या आवृत्त्या

पुस्तकांच्या बाबतीत काम तुलनेने सोपे आहे. १८६७ च्या कायद्यानुसार प्रत्येक पुस्तकावर मुद्रकाचे व प्रकाशकाचे नाव आणि स्थळ छापणे बंधनकारक होते. त्यामुळे ‘हें पुस्तक अमुक छापखान्यांत छापून अमुक यांनी प्रसिद्ध केलें’ अशी ओळ शीर्षकपृष्ठाच्या मागे किंवा शेवटच्या पानावर सापडते. आवृत्तीचा उल्लेख, साल, आणि बरेचदा ‘प्रती १०००’ अशी संख्याही तिथेच असते. पहिल्या आवृत्तीत आवृत्तीचा उल्लेखच नसणे हेही सर्रास घडते, म्हणून ताडून पाहण्यासाठी दाते यांची सूची उपयोगी पडते. प्रस्तावनेच्या खालची तारीख पुरावा म्हणून धरू नये. दुसऱ्या आवृत्तीत पहिलीच प्रस्तावना जशीच्या तशी छापलेली असते.

मर्ढेकरांचे ‘शिशिरागम’ (१९३९) किंवा कुसुमाग्रजांचे ‘जीवनलहरी’ (१९३३) यांसारखे लहान आकाराचे पहिले संग्रह पुढच्या प्रसिद्ध पुस्तकांपेक्षा कमी आढळतात, आणि गठ्ठ्यात ते सहज दुर्लक्षिले जातात. बारीक पुस्तकांचा गठ्ठा नेहमी शेवटपर्यंत पाहावा.

शोधायचे कुठे

जुनी पुस्तके विकणारी दुकाने, मुंबईत फोर्ट भागातील आणि माटुंग्याचे पदपथावरचे विक्रेते, पुण्याचा बुधवारी व रविवारी भरणारा जुना बाजार, ही ठिकाणे सर्वांना ठाऊक आहेत आणि तिथे नियमाने फेरी असावी. परंतु चांगले अंक पदपथावर येण्याआधी रद्दीवाल्याकडे येतात. आपल्या परिसरातील दोन-तीन रद्दीवाल्यांना आपण काय शोधतो हे एखादा अंक दाखवून समजावून सांगावे, रद्दीच्या भावापेक्षा बरी किंमत ठरवून द्यावी आणि ती न चुकता द्यावी. दिवाळीपूर्वीची साफसफाई, घरांचा पुनर्विकास आणि वाड्यांची पाडापाडी या काळात माळ्यांवरचे गठ्ठे बाहेर निघतात.

छोट्या गावांतील शंभरी गाठलेल्या वाचनालयांशी संबंध ठेवावा. ती आपले जुने अंक निर्लेखित करणार असतील तर आधी त्यांना ते मोठ्या ग्रंथालयाकडे सोपवण्याचा सल्ला द्यावा आणि दुबार प्रतीच फक्त स्वतः घ्याव्यात. लेखकांच्या किंवा शिक्षकांच्या घरून संग्रह मिळत असेल तर निवडक अंक उचलून बाकीचे मागे टाकू नयेत; संपूर्ण संग्रहाची यादी करून द्यावी, मग आपल्याला हवे ते मागावे. घरच्या माणसांना त्या कागदांची किंमत ठाऊक नसते म्हणून त्यांना कमी पैसे देणे हा सरळ अन्याय आहे.

किमतींविषयी थोडेच सांगण्यासारखे आहे, कारण या व्यवहारात ठरलेला भाव नाही. विक्रेता सांगतो ती दुर्मिळता आणि खरी दुर्मिळता यांत फरक असतो. एखाद्या अंकाची किंमत त्यातल्या एका प्रसिद्ध नावावर सांगितली जात असेल, तर ती रचना त्या अंकात खरोखर आहे की नाही हे अनुक्रमणिकेत न पाहता आतले पान उघडून पाहावे. आपल्या क्षेत्राबाहेरचा अंक कितीही स्वस्त मिळाला तरी तो आपल्यासाठी महागच.

घरी आणल्यावर

नवा आलेला गठ्ठा थेट कपाटात ठेवू नये. तो पांढऱ्या कागदावर, बंद पिशवीत किंवा खोक्यात, इतर पुस्तकांपासून दूर दोन-तीन आठवडे ठेवावा आणि मधूनमधून पाहावा. कागदावर बारीक भुकटी पडत असेल तर आत कीड जिवंत आहे असे समजावे. नंतर मऊ कुंचल्याने शिवणीकडून कडेकडे धूळ झटकावी. ओल्या फडक्याचा वापर करू नये. चित्रांचा गुळगुळीत कागद ओलाव्याने एकमेकांस चिकटतो आणि मग सुटत नाही, म्हणून पावसाळ्यात चित्रांची पाने अधूनमधून उघडून पाहावीत व त्यांमध्ये आम्लरहित पातळ कागद घालावा.

गंजलेल्या टाचण्या आणि तारेची शिलाई भोवतालचा कागद खाऊन टाकतात. त्या ओढून काढू नयेत. मागची टोके सरळ करून किंवा पक्कडीने तोडून अलगद सोडवाव्यात आणि तिथे सुती दोरा घालावा. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी कधीही लावू नये. काही वर्षांनी पट्टी गळून पडते आणि तिचा तपकिरी डिंक कागदात कायमचा मुरतो. दुरुस्ती करायचीच असेल तर पातळ जपानी कागद आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ वापरावी, ती आधी एखाद्या बिनमहत्त्वाच्या कागदावर करून पाहावी, आणि हात बसला नसेल तर फाटलेले पान तसेच राहू द्यावे. लॅमिनेशन हा तर कागदाचा शेवटच आहे, कारण ते परत सोडवता येत नाही.

सुटे अंक आम्लरहित कागदाच्या पाकिटात घालून आडवे, फार उंच थप्पी न करता ठेवावेत. कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटे दूर असावे. आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या आसपास राहणे चांगले. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात ते अवघड असते, तेव्हा सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि त्या वरचेवर वाळवून घ्याव्यात. डांबराच्या गोळ्यांवर विसंबू नये. त्यांची वाफ माणसाला अपायकारक असते आणि वाळवीवर त्यांचा इलाज नाही. वाळवीसाठी कपाटाच्या पायांपाशी आणि भिंतीच्या सांध्यांत डोळ्यात तेल घालून पाहणी करणे हाच खरा उपाय.

नोंदवही

नोंद नसलेल्या संग्रहाला साठा म्हणावे लागेल. प्रत्येक अंकासाठी नियतकालिकाचे नाव छापल्याप्रमाणे, वर्ष व अंक, शके व इसवी सन दोन्ही, पृष्ठे कुठून कुठवर, मुखपृष्ठ आहे की नाही, चित्रे किती आणि कोणती, शिक्के व सह्या, कुठून व केव्हा मिळाला, आणि अवस्था, एवढे लिहावे. अंकावर क्रमांक घालायचा असल्यास मऊ पेन्सिलीने शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात घालावा, बॉलपेन किंवा शिक्का वापरू नये.

याहून पुढे जाऊन अंकातल्या प्रत्येक कवितेची नोंद करावी, असा माझा आग्रह आहे : शीर्षक, पहिली ओळ, आणि खाली छापलेली सही जशीच्या तशी. त्या काळचे कवी टोपणनावाने लिहीत आणि एकच लेखक वेगवेगळ्या नावांनी वावरत असे. राम गणेश गडकरी कवितेखाली गोविंदाग्रज असत आणि विनोदी लेखाखाली बाळकराम. ‘बी’ या एकाक्षरी सहीमागे नारायण मुरलीधर गुप्ते होते. सही न ओळखता आली तरी ती तशीच लिहावी आणि आपला तर्क वेगळ्या रकान्यात ठेवावा. पहिल्या ओळीची नोंद यासाठी महत्त्वाची की पुस्तकात जाताना शीर्षके बदलत. अंकातला पाठ आणि संग्रहातला पाठ शेजारी ठेवून वाचले तर कुठे शब्द, कुठे कडवे बदललेले दिसते. कवीच्या मृत्यूनंतर इतरांनी संपादित केलेल्या संग्रहांच्या बाबतीत तर हयातीत छापलेला पाठ पाहायचा झाल्यास तो अंकाकडेच जाऊन पाहावा लागतो. या एका कामासाठी अभ्यासक तुमच्या दारी येतील.

प्रतिमा घेणे आणि इतरांना देणे

ठिसूळ अंक वारंवार उघडण्यापेक्षा एकदा नीट छायाचित्रित करून ठेवणे हिताचे. बांधीव खंड सपाट स्कॅनरवर दाबू नये, शिवण तुटते. तो अर्धवट उघडून वरून छायाचित्रे घ्यावीत. मुखपृष्ठे, जाहिराती आणि कोरी पानेही घ्यावीत, आणि फाइलला नियतकालिक, इसवी सन, महिना व पृष्ठ या क्रमाने नाव द्यावे.

या प्रतिमा सर्वांसाठी खुल्या करताना कायदा पाहावा. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षांपर्यंत स्वामित्वहक्क राहतो. केशवसुत, बालकवी, गोविंदाग्रज, माधव जूलियन यांचे लेखन मुक्त झालेले आहे. परंतु त्याच अंकात लिहिणारे गिरीश १९७३ मध्ये आणि यशवंत १९८५ मध्ये निवर्तले, त्यामुळे त्यांच्या कवितांचा हक्क अनुक्रमे २०३३ आणि २०४५ अखेरपर्यंत आहे. म्हणजे अंक शंभर वर्षांचा झाला म्हणून तो संपूर्ण मुक्त झाला असे होत नाही. रचनेगणिक पाहावे लागते. निनावी किंवा खरा लेखक अज्ञात असलेल्या टोपणनावाच्या लेखनासाठी साठ वर्षे प्रकाशनापासून मोजली जातात.

आपल्या संग्रहातल्या दुबार प्रतींची यादी दरवर्षी काढून इतर संग्राहकांशी अदलाबदल करावी आणि ग्रंथालयाच्या फाइलीतला एखादा गहाळ अंक आपल्याकडे दुबार असेल तर तो तिथे देऊन टाकावा. संपूर्ण संग्रह पुढे कोणाकडे जावा हे नोंदवहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे आणि त्या संस्थेची संमती आधीच लेखी घ्यावी. संस्था संग्रह एकत्र ठेवेल की विषयवार विखुरेल, नोंदवही सोबत जपेल की नाही, आणि वाचकाला अंक पाहू देईल का, हे तीन प्रश्न त्या पत्रात स्पष्टपणे विचारावेत.